हृदयासाठी हितकर आहार आपण किती पाळता? ज्येष्ठ नागरिकांनी घरीच कसे मोजावे

डॉक्टरांनी "मीठ-तेल कमी करा" असे सांगितले की बहुतेक घरांत थोडाफार बदल होतो. तो पुरेसा झाला की नाही, हे अंदाजाने कळत नाही. गोळ्या घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नसेल, तर गोळी वाढवण्यापूर्वी आहाराची नेमकी माहिती डॉक्टरांच्या उपयोगी पडते. ती आपण घरीच जमवू शकता.

सरकारी तपासणीत आहार मोजतात का?
आयुष्मान आरोग्य मंदिरात ३० वर्षांवरील व्यक्तींचा रक्तदाब व रक्तातील साखर विनामूल्य तपासली जाते. आशाताई जो जोखीम अर्ज भरतात त्यात वय, तंबाखू, मद्यपान, कमरेचा घेर, शारीरिक हालचाल आणि कुटुंबातील आजार यांना गुण असतात. आहाराला गुण नसतात. म्हणून ही नोंद आपण स्वतः ठेवणे उपयुक्त आहे.

किती प्रमाण योग्य?
- मीठ: माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा (जागतिक आरोग्य संघटना).
- तेल-तूप: दिवसाला सुमारे २७ ग्रॅम (राष्ट्रीय पोषण संस्था, २०२४, २००० कॅलरींच्या आहारासाठी).
- भाज्या व फळे: दिवसाला किमान ४०० ग्रॅम. बटाटा यात धरू नये.

पायरी १: मिठाची पिशवी मोजा
१. नवी पिशवी फोडल्याची तारीख तिच्यावर लिहा.
२. पिशवी संपल्याची तारीख लिहा.
३. पिशवीतील ग्रॅमला आधी घरातील माणसांच्या संख्येने, मग दिवसांनी भागा.

उदाहरण: चौघांच्या घरात १ किलो मीठ २५ दिवसांत संपले, तर माणशी रोज १० ग्रॅम झाले, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. हीच पिशवी ५० दिवसांहून अधिक पुरायला हवी. लोणचे-पापड घालण्यासाठी काढलेले मीठ वजा करा. विकतचे पापड, फरसाण, बिस्किटे यांतील मीठ या हिशेबात येत नाही. त्यासाठी पायरी २ आहे.

तेलही असेच मोजा. चौघांना महिन्याला साधारण साडेतीन लिटर पुरावे.

पायरी २: सात दिवसांची नोंद
पिशवीवरून घराची सरासरी कळते; आपल्या ताटातले कळत नाही. म्हणून सलग सात दिवस, रोज रात्री जेवणानंतर लिहा:
- भाजी किती वाट्या? फळ खाल्ले का?
- डाळ किंवा उसळ होती का?
- लोणचे, पापड, खारवलेले पदार्थ घेतले का?
- तळलेले काही खाल्ले का?
- जेवताना वरून मीठ घेतले का?
- चहासह दिवसभरात साखर किती चमचे?

सणाचा किंवा उपवासाचा दिवस वगळू नका. लिहिणे जमत नसेल तर सून, मुलगा किंवा नातवंडांकडून लिहून घ्या. ही परीक्षा नाही. खरे तेच लिहा. शेवटी प्रत्येक गोष्ट सातपैकी किती दिवस झाली ते मोजा. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा नोंद करून तुलना करा.

काळजी घ्या
- आकडे सुधारले तरी गोळ्या स्वतःहून बंद करू नका.
- कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा आजार असल्यास किंवा रक्तदाबाच्या गोळ्या सुरू असल्यास आधी डॉक्टरांना विचारा.
- पथ्यामुळे जेवणच कमी होऊन वजन घटत असेल, तर लगेच सांगा.

नोंद कोठे दाखवावी?
जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना दाखवा. जुन्या चिठ्ठ्या व सुरू असलेल्या गोळ्या सोबत न्या. यासाठी आयुष्मान वय वंदना कार्ड लागत नाही. ७० वर्षे व त्यावरील नागरिकांचे ते कार्ड रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. जवळचे केंद्र माहीत नसल्यास आशाताईंना विचारा किंवा ज्येष्ठ नागरिकांच्या १४५६७ या विनामूल्य हेल्पलाइनवर फोन करा.