बॉम्ब कुठे आहे, ते आधी सांगा

ऑर्सन वेल्सचा ‘टच ऑफ ईव्हिल’ (१९५८) सुरू होतो तोच बॉम्बवर. दोन हात टायमर लावतात. कुठूनतरी एका बाईचं हसू ऐकू येतं. बॉम्बवाला धावत सुटतो, एका उघड्या गाडीच्या डिकीत बॉम्ब ठेवतो आणि पसार होतो. पाठोपाठ एक जोडपं येऊन गाडीत बसतं आणि निघतं. बॉम्ब कुठे आहे, जीव कोणाचा जाणार, हातात वेळ किती थोडा आहे, हे पहिल्या मिनिटातच आपल्याला कळून चुकतं. प्रेक्षकाला जितकं कमी कळू द्यावं तितका थरार वाढतो, अशी समजूत आहे. ती किती अपुरी आहे, हे या सुरुवातीतून दिसतं. जीव टांगणीला लागतो, कारण जे आपल्याला माहीत आहे ते पडद्यावर कोणालाच माहीत नाही.

पुढे वेल्स काय करतो तेही पाहण्यासारखं आहे. क्रेनवरचा कॅमेरा छपरांवरून उचलला जातो, रस्त्यावर उतरतो आणि सुमारे सव्वातीन मिनिटं एकही कट येत नाही. मेक्सिकोच्या सीमेवरचं ते गजबजलेलं गाव प्रत्यक्षात कॅलिफोर्नियातल्या व्हेनिसमध्ये चित्रित झालं आहे. गाडी वाहतूक पोलिसापाशी थांबते, हातगाड्या आडव्या येतात, शेळ्यांचा कळप वाट अडवतो. एरवी या गोष्टींकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नसतं. इथे प्रत्येक थांबा छातीत धडकी भरवतो. त्यातच नवविवाहित व्हार्गास आणि सूझन पायी चालत येतात. कधी गाडी त्यांच्या पुढे, कधी ते गाडीच्या पुढे. नाक्यावर तर दोघं आणि गाडी अगदी शेजारी शेजारी. गाडीतली तरुणी कुरकुरते की आपल्या डोक्यात टिकटिक ऐकू येतेय, आणि नाक्यावरचा माणूस ते कानाआड करतो. संकटाची खूण तोंडावर येऊनही ती कोणी ओळखत नाही, हे पाहताना होणारी तगमग अचानक झालेल्या स्फोटाने कधीच साधली नसती. टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण देऊन हिचकॉकने हेच सांगितलं होतं: न सांगता फोडला तर पंधरा सेकंदांचा धक्का, आधी सांगितलं तर पंधरा मिनिटांची धाकधूक.

यावर कोणी म्हणेल, ही सगळी करामत त्या अखंड शॉटची आहे. शॉट थोर आहेच, पण डिकीतला बॉम्ब काढून पाहा. उरेल तो गावातला सुंदर फेरफटका. कट नसल्यामुळे वेळ खराखुरा सरतो आणि म्हणून बॉम्बला धार येते, इतकं श्रेय त्याला नक्की द्यावं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. श्रीराम राघवन यांचा पुण्यात घडणारा ‘अंधाधुन’ (२०१८) कोबीच्या शेतात एका सशाच्या मागे लागलेल्या शिकाऱ्यावर सुरू होतो. हा प्रसंग इथे का, हे शेवटापर्यंत कळत नाही, तरी आपण चित्रपटाला धरून राहतो. खरं आहे, पण तिथे मनात जागं होतं ते कुतूहल. कुतूहल खूप काळ तग धरू शकतं. मात्र पुढच्या क्षणी कोणाचं काय होईल म्हणून पोटात गोळा यायचा, तर धोका कोणाला आणि कशापासून आहे हे आधी ठाऊक असावं लागतं.

युनिव्हर्सल स्टुडिओने मात्र ‘टच ऑफ ईव्हिल’च्या या सुरुवातीच्या प्रसंगावरच श्रेयनामावली चढवली आणि हेन्री मॅन्सिनीचं संगीत घातलं. ते संगीत झकास आहे, पण अक्षरं वाचायची की गाडीवर नजर ठेवायची, या ओढाताणीत पाहणाऱ्याचं लक्ष फाटतं. वेल्सने १९५७ मध्ये स्टुडिओला ५८ पानांचं टिपण लिहून बदल सुचवले. इथे त्याला रस्त्यावरचेच आवाज हवे होते: एकेका क्लबमधून बाहेर येणारं संगीत, गाडीतला रेडिओ. त्याचं म्हणणं किती योग्य होतं, हे ऐकल्यावरच पटतं. गाडी चौकटीबाहेर गेली तरी रेडिओच्या सुरावरून ती जवळ आली की दूर गेली हे कान टिपतात, आणि बॉम्ब दिसत नसतानाही आपला पाठलाग सोडत नाही. त्या टिपणाच्या आधारे वॉल्टर मर्चने चित्रपट पुन्हा संकलित केला तो १९९८ मध्ये. वेल्सचं निधन १९८५ मध्येच झालं होतं. चित्रपट पाहायचा तर हीच आवृत्ती मिळवून पाहा, आणि आवाज मोठा ठेवा.