कोळशाच्या डोंगरातला बँजो

अमेरिकेच्या पूर्व भागात ॲपलेशियन डोंगरांची लांबलचक रांग आहे. या रांगेत, व्हर्जिनिया राज्याच्या पार नैर्ऋत्य कोपऱ्यात, नॉर्टन नावाचं लहानसं गाव लागतं. डॉक बॉग्ज या गावचा. ७ फेब्रुवारी १८९८ला जन्मलेलं, दहा भावंडांतलं शेंडेफळ. खरं नाव मोरन ली. ते गावातल्या डॉक्टरांवरून ठेवलेलं, म्हणून वडील लाडाने त्याला ‘डॉक’ म्हणत. तेच नाव जन्मभर चालू राहिलं. मुलगा जेमतेम बारा वर्षांचा झाला आणि कोळशाच्या खाणीत कामाला लागला. आयुष्यातली बरीच वर्षं त्याने खाणीतच काढली.

बँजो म्हटलं की आपल्याला गणपतीच्या मिरवणुकीतली बँजो पार्टी आठवते. तिथलं वाद्य म्हणजे बुलबुलतरंग, पट्ट्या दाबून वाजवायचं. बॉग्जचा बँजो निराळा. गोल कड्यावर ताणून बसवलेलं कातडं, त्याला लांब दांडी आणि पाच तारा. पाचवी तार आखूड. तिची खुंटी दांडीच्या टोकाला नसून वाटेतच एका बाजूला असते. अंगठ्याने ती मधूनमधून छेडत राहायची, म्हणजे तंबोऱ्याच्या षड्जासारखा एक सूर गाण्याच्या पाठीशी उभा राहतो. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी हे वाद्य अमेरिकेत घडवलं. सुरुवातीचे बँजो भोपळ्याचे असत. डोंगरातल्या गोऱ्या शेतकऱ्यांच्या हाती ते कृष्णवर्णीय वादकांकडून आलं. पुढे ‘डोंगराचं वाद्य’ म्हणून त्याचं कौतुक झालं, तेव्हा हे ऋण बरेच जण विसरले. बॉग्ज विसरला नाही.

डोंगरातले बहुतेक वादक नखाने तारा वरून खाली मारत. नाचाच्या ठेक्याला ते छान शोभतं. पण लहानपणी खाणकामगारांच्या वस्तीत त्याने कृष्णवर्णीय वादकांचा ताफा ऐकला. त्यांचा बँजोवाला अंगठा आणि बोटांनी एकेक तार वेचून वाजवत होता. आपणही असंच वाजवायचं, हे त्या पोराने तेव्हाच ठरवलं. अंगठा आणि दोन बोटांची ही पद्धत त्याने स्वतःच घोटली. गळ्यातून जो सूर निघेल तोच तारेवर. गाण्यागणिक तारांची जुळणीही बदलायची. कृष्णवर्णीय गायिकांच्या ब्लूजच्या तबकड्या ऐकून त्याने काही गाणी उचलली. मूळ गाण्यांना पियानोची साथ होती, याने ती बँजोवर बसवली. आवाज गोड नाही. नाकातून येणारा, ताणलेला, सुराच्या कडेकडेने जाणारा. खून, जुगार, तुरुंग, मरण हे विषय तो असे गातो की गाणारा माणूस त्या प्रसंगात स्वतः उभा आहे असं वाटतं. माझ्या मते त्या पिढीच्या बँजोवादकांत इतका धारदार दुसरा कोणी नाही.

१९२७ साली तबकड्या काढणाऱ्या ब्रन्सविक कंपनीचे लोक नॉर्टनच्या हॉटेलात गायक-वादकांची पारख करायला आले. बॉग्ज दुकानातून उसना बँजो घेऊन गेला आणि निवडला गेला. न्यूयॉर्कला जाऊन त्याने आठ गाणी मुद्रित केली. १९२९मध्ये ‘लोनसम एस’ या छोट्या कंपनीसाठी आणखी चार. खाण सोडून संगीतावर पोट भरायचं स्वप्न तो पाहू लागला, आणि त्याच वर्षी शेअर बाजार कोसळला. महामंदीत तबकड्या घ्यायला लोकांकडे पैसा उरला नाही. व्हिक्टर कंपनीने लुईव्हिलला बोलावलं, तर प्रवासाचं भाडं जमेना. घरी पत्नी सारालाही हे सगळं मान्य नव्हतं. ती धर्मनिष्ठ होती, आणि नाचगाण्याच्या जागी दारू आणि मारामाऱ्या ठरलेल्या. अखेर बँजो हातातून गेला. जवळजवळ पंचवीस वर्षं तो वाजवायचा थांबला.

त्याला कल्पना नव्हती, पण गाणी मात्र फिरत होती. १९५२मध्ये हॅरी स्मिथने जुन्या तबकड्यांतली ८४ गाणी निवडून फोकवेज कंपनीसाठी संग्रह काढला. त्यात ‘शुगर बेबी’ आणि ‘कंट्री ब्लूज’ ही बॉग्जची दोन गाणी होती. शहरातली तरुण मुलं ती पुन्हापुन्हा ऐकत. त्यांतलाच एक, माइक सीगर, १९६३मध्ये नॉर्टनला पोचला. बॉग्ज १९५४मध्येच खाणीतून निवृत्त झाला होता, आणि त्याने नुकताच पुन्हा बँजो हाती घेतला होता. काही आठवड्यांत तो ॲशव्हिलच्या लोकसंगीत महोत्सवात गायला, त्याच उन्हाळ्यात न्यूपोर्टला. पुढच्या काही वर्षांत फोकवेजने त्याचे तीन अल्बम काढले. सीगरने गाण्यांबरोबर त्याच्या आठवणीही ध्वनिमुद्रित केल्या, आणि याबद्दल त्याचे आभार मानावेत तेवढे थोडेच. एका खाणकामगाराचं आयुष्य त्याच्याच तोंडून आपल्याला मिळालं ते त्यामुळे.

७ फेब्रुवारी १९७१ला, त्र्याहत्तराव्या वाढदिवशीच, बॉग्ज गेला.

फोकवेजचा सगळा खजिना आता स्मिथसोनियन संस्थेकडे आहे आणि सहज ऐकता येतो. तरुणपणची गाणी एकूण बाराच, ती आधी ऐका. मग १९२७चं ‘कंट्री ब्लूज’ आणि साठच्या दशकात त्याने पुन्हा गायलेलं तेच गाणं एकापाठोपाठ लावा. इयरफोन लावून ऐका, म्हणजे पाचवी तार नीट ऐकू येईल.