स्थानिक आरोग्य विभागाची कार्यमानके आणि आपला दवाखाना

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात भिन्न प्रकृतीच्या माणसांना एकाच वेळी एकच व्याधी का ग्रासते, याचे विवेचन वायू, उदक, देश व काल या चार समान भावांच्या आधारे केलेले आहे. हे भाव एकट्या चिकित्सकाच्या स्वाधीन नसतात. त्यांची काळजी वाहण्यास यंत्रणा लागते. त्या यंत्रणेचे काम मोजावयाचे कसे, हा प्रश्न मात्र अलीकडचा.

अमेरिकेत १९९४ साली सार्वजनिक आरोग्याच्या दहा आवश्यक सेवा निश्चित झाल्या व २००२ मध्ये त्यांवर आधारित कार्यमानके स्थानिक पातळीसाठी सिद्ध झाली. त्यांत एकट्या सरकारी विभागाची नव्हे, तर खाजगी चिकित्सक, रुग्णालये, शाळा, स्वयंसेवी संस्था अशा समग्र व्यवस्थेची पाहणी अभिप्रेत होती.

आपल्याकडील भारतीय सार्वजनिक आरोग्य मानके २०१२ व २०२२ मध्ये सुधारली गेली. मैदानी भागात ३०,००० व डोंगराळ वा आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यातील पदे, औषधे, उपकरणे असा त्यांचा मुख्य रोख. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय गुणवत्ता मानकांनी चिकित्सा, संसर्ग-नियंत्रण व फलित यांचीही भर घातली, हे स्वागतार्ह होय. तरीही मोजमाप होते ते केंद्राचे. जो रुग्ण त्या केंद्राची पायरीच चढत नाही, तो या हिशेबात येत नाही. आणि तो बहुधा आपल्याकडे आलेला असतो.

क्षयाचे उदाहरण घ्यावे. दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकलेला कास घेऊन रुग्ण येतो, किंवा परस्पर औषधालयातून सितोपलादि चूर्ण नेतो. थुंकीची तपासणी होत नाही. तालुक्याच्या नोंदीत रुग्णसंख्या कमी दिसते आणि विभागाची कामगिरी उत्तम भासते! रोग आटोक्यात असतानाही आकडा कमीच असतो आणि रोग दडलेला असतानाही. कागदावर दोहोंत भेद दिसत नाही. म्हणूनच मे २०१२ मध्ये क्षयरुग्णाची सूचना देणे खाजगी चिकित्सकांनाही बंधनकारक झाले व मार्च २०१८ च्या अधिसूचनेने क्षयाची औषधे विकणाऱ्या औषधविक्रेत्यांवरही ती जबाबदारी आली.

सूचना दिल्याने रुग्ण हातचा जाईल, ही भीती काही व्यावसायिक बंधू बोलून दाखवितात. वस्तुतः निक्षय प्रणालीवर नोंद झाल्यावाचून रुग्णास पोषणसाहाय्य मिळत नाही. नोव्हेंबर २०२४ पासून ते दरमहा १,००० रुपये आहे. क्षयघ्न औषधे चालू असता बल व अग्नी यांचा विचार आपणाकडेच राहू शकतो.

अतिसाराचेही असेच. एकाच विहिरीचे पाणी पिणारे तीन-चार रुग्ण दोन दिवसांत आले, तर आपल्या वहीतील त्या नोंदी त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यास कळवाव्यात. पाण्याचा नमुना वेळेवर घेतला गेला की नाही, हे विभागास विचारण्याचा अधिकार त्यानंतरच आपणास पोहोचतो.