अर्धवट माल आणि दोन तऱ्हेचे गिऱ्हाईक

मुलांच्या व्हिडिओ गेमची चर्चा व्यापाराच्या पानावर कशाला, असे काही वाचक विचारतील. पण गेम हाही माल आहे. त्याला कारागीर लागतात, त्याचा भाव ठरतो आणि न पटल्यास गिऱ्हाईक पाठ फिरवते. जपानमधील ओसाका शहराच्या कॅपकॉम कंपनीची एक हकीकत म्हणूनच आम्ही येथे देत आहोत.

'स्ट्रीट फायटर' हा या कंपनीचा मारामारीचा खेळ. पहिला भाग १९८७ साली निघाला, पण जगभर नाव झाले ते १९९१ च्या दुसऱ्या भागाने. नाणे टाकून चालणाऱ्या यंत्रापुढे दोघे शेजारी उभे राहून हा खेळ खेळत. जोडीदार नसला तर यंत्र स्वतःच एकामागून एक प्रतिस्पर्धी पुढे करी. या एकट्याने खेळण्याच्या प्रकाराला आर्केड म्हणतात.

फेब्रुवारी २०१६ मध्ये पाचवा भाग घरच्या यंत्रांसाठी विक्रीस आला. किंमत पुरी, ६० डॉलर. आणि आत आर्केडच नाही! मोठे कथानक काही महिन्यांनी देण्याचा वायदा होता. त्यात पहिल्या दिवसांत इंटरनेटवरून जोडीदार मिळण्यातही अडचणी आल्या. मार्चअखेर २० लाख प्रती खपवण्याचा कंपनीचा अंदाज होता. गेल्या सुमारे १४ लाख.

मग माल वाईट होता काय? मुळीच नाही. मूळ लढतीची घडण कसबी खेळाडूंना पसंत पडली. त्याच वर्षी जुलैत लास व्हेगासच्या 'इव्हो' स्पर्धेत या एका खेळासाठी पाच हजारांहून अधिक स्पर्धक उतरले. आमच्या मते घोटाळा इथेच झाला. स्पर्धांचा हंगाम साधण्याच्या घाईत कंपनीने पट्टीच्या खेळाडूची गरज आधी भागवली आणि संध्याकाळी घरी बसून तासभर खेळणाऱ्याला थांबायला सांगितले. पट्टीचा खेळाडू तक्रार करतो, पण टिकतो. साधे गिऱ्हाईक भांडत बसत नाही, ते दुसऱ्या दुकानात जाते. (लग्नसराईत काजे-बटणे न लावता शेरवानी हाती देऊन पुरी शिलाई मागणारा शिंपी डोळ्यांपुढे आणावा.)

कंपनीने पुढे दुरुस्ती केली, हेही सांगितले पाहिजे. जानेवारी २०१८ मध्ये आर्केड घातलेली सुधारित आवृत्ती आली आणि ज्यांनी आधीच पैसे मोजले होते त्यांना आर्केडसाठी वेगळा दाम पडला नाही. एकूण खप हळूहळू ७० लाखांवर गेला, परंतु त्याला वर्षे लागली.

सहावा भाग जून २०२३ मध्ये आला. या वेळी आर्केड, एकट्याने हिंडत खेळण्याचा मोठा भाग आणि नवशिक्यांसाठी सोपी बटणे, हे सारे पहिल्याच दिवशी हाती होते. सुमारे महिनाभरात २० लाखांचा टप्पा पार झाला.