दंतचक्र पेटीतील धातुकण व झीजनिदान

मोटारसायकलीच्या दंतचक्र पेटीतून म्हणजे गिअरबॉक्समधून काढलेल्या तेलात आढळणाऱ्या धातूच्या कणांचा प्रकार, आकार व प्रमाण तपासून पेटीतील कोणता भाग किती झिजला आहे, हे ठरविण्याच्या पद्धतीस झीजनिदान म्हणतात. सु. १९३० ते १९७५ या काळातील ब्रिटिश धर्तीच्या मोटारसायकलींच्या बाबतीत ही पद्धत विशेष उपयोगी पडते. या गाड्यांपैकी बहुतेकांची दंतचक्र पेटी एंजिनापासून स्वतंत्र असून तिच्यात तेलाचा पंप किंवा गाळणी नसते. फिरणारी दंतचक्रे तळाचे तेल उडवितात व त्यानेच वंगण होते. त्यामुळे सुटलेला प्रत्येक कण तेल बदलेपर्यंत पेटीतच राहतो आणि काढलेले तेल हा मागील तेलबदलानंतरच्या सर्व झिजेचा संचित लेख ठरतो. तो चुकीचा वाचल्यास दोन्ही बाजूंनी हानी होते. धोक्याची खूण दुर्लक्षिली, तर वेगात पेटी जखडून मागचे चाक अडू शकते. उलट, निरुपद्रवी गाळाला भिऊन पेटी उघडली, तर ॲल्युमिनियमच्या जुन्या कवचाचे आटे व धारव्यांच्या बैठका सैल होण्याचा संभव असतो आणि तशी कवचे आता सहज मिळत नाहीत.

चार गतींच्या नेहमीच्या पेटीत क्लचकडून फिरणारा मुख्य दंड आणि त्याला समांतर असा दुय्यम दंड, ज्याला कारागीर लेशाफ्ट म्हणतात, यांच्यावर दंतचक्रांच्या चार जोड्या सतत एकमेकींत गुंतलेल्या असतात. गती बदलताना दंतचक्राच्या बाजूवरील जाड पकडदाते, म्हणजे डॉग, शेजारच्या दंतचक्रात शिरतात. दंतचक्रे पृष्ठकठिणीकरण केलेल्या पोलादाची, धारव्यांतील गोळ्या व कडी कठीण पोलादाची, त्या गोळ्यांना अंतरावर ठेवणारा पिंजरा पोलादी किंवा पितळी, बुश काशाचे आणि कवच ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते. प्रत्येक भागाचा धातू असा वेगळा असल्यामुळेच कणांवरून भाग ओळखता येतो.

धातू सापडणे हे स्वतः दोषाचे लक्षण नव्हे. सुस्थितीतील दंतचक्रांचे दातही एकमेकांवर घासून अतिसूक्ष्म पापुद्रे सोडतात. ते बहुधा १५ मायक्रोमीटरहून (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे १ मायक्रोमीटर) लहान असतात, म्हणजे सुटा कण डोळ्यांना दिसत नाही. लोहचुंबकावर ते राखाडी मलमासारखे जमतात आणि बोटांत चोळले असता मुळीच खरखरत नाहीत. सर्वाधिक गैरसमज याच मलमामुळे होतो. त्याचे प्रमाण दर तेलबदलास साधारण सारखे असेल, तर चिंतेचे कारण नाही.

नमुना घेण्यापूर्वी गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवावी. थंड तेल काढल्यास जड कण तळाशीच राहतात. तेल स्वच्छ भांड्यात काढून दाट विणीच्या पांढऱ्या कापडातून गाळावे आणि उरलेला गाळ रॉकेलमध्ये धुवावा. चिकट मलम पितळी कणांनाही धरून ठेवते, त्यामुळे न धुता चुंबक फिरविल्यास अचुंबकीय कणही त्याच्याबरोबर उचलले जातात. चुंबकाला पातळ प्लॅस्टिक गुंडाळले, म्हणजे कण नंतर सहज सुटे करता येतात. चुंबकाने उचललेले कण पोलादाचे होत. मागे राहिलेल्यांपैकी सोनेरी किंवा तांबूस कण बुश अथवा पिंजरा यांचे, तर पांढुरके व मऊ कण बहुधा ॲल्युमिनियमचे असतात. शंका असल्यास कण तेलमुक्त करून कॉस्टिक सोड्याच्या विरल विद्रावात टाकावेत. ॲल्युमिनियममधून हायड्रोजनाचे बुडबुडे निघतात, काशावर परिणाम होत नाही. हे काम डोळे झाकणारा चष्मा लावून, मोकळ्या हवेत व ज्योतीपासून दूर करावे.

यानंतरचा खरा निकष आकाराचा. दहापट मोठे दाखविणाऱ्या साध्या भिंगाखाली पाहिल्यास एक बाजू आरशासारखी चकचकीत व दुसरी करडी, दाणेदार अशी चपटी पोलादी खपली दिसली, तर ती धातूच्या शिणवट्याची खूण होय. पुनःपुन्हा पडणाऱ्या दाबामुळे धारव्याच्या कड्याच्या किंवा दाताच्या पृष्ठाखाली तडा जातो, तो वाढत वर येतो आणि तेवढा तुकडा निखळून खड्डा पडतो. खड्ड्याच्या कडेवर पुढील भार येत असल्याने ही क्रिया आपोआप थांबत नाही. म्हणून अशा मूठभर खपल्या वाटीभर मलमापेक्षा अधिक गंभीर मानाव्यात. कोनदार, जाड कपची डॉगच्या कोपऱ्याची किंवा किकच्या खाचचक्राची असते. पहिल्या प्रकारात गाडी चालताना गिअर निसटतो, दुसऱ्यात किक मारताना ती घसरते. कातकामाच्या चुऱ्यासारखे बारीक, वळलेले तुकडे मात्र कठीण कडेने मऊ पृष्ठ कापले जात असल्याचे दर्शवितात.

नॉर्टन कमांडो (१९६८ पासून विक्रीस) या मोटारसायकलीचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. तिची पेटी १९५० नंतरच्या दशकात कमी शक्तीच्या गाड्यांसाठी आखलेल्या पेटीचीच पुढची आवृत्ती होती. तीच ७४५ घ. सेंमी.च्या व पुढे त्याहूनही मोठ्या एंजिनास जोडली गेली. वाढलेल्या भाराने लेशाफ्टच्या एका टोकाचा गोलक धारवा, विशेषतः पितळी पिंजऱ्याचा, निकामी होण्याची ख्याती झाली. तेलात प्रथम पितळी कण व त्यांच्याबरोबर चपट्या पोलादी खपल्या अशी जोडी दिसणे ही येथे धारव्याची खूण समजतात. केवळ सोनेरी भुकटी असेल, तर संशय बुशांवर जातो. लेशाफ्टचे दुसरे टोक किकच्या दंडातील बुशमध्ये फिरते. धारवा सैल झाला, की लेशाफ्ट तिरपा होऊन त्या बुशला अडकू लागतो आणि चालत्या गाडीत किकचा दांडा आपोआप हलतो. ही शेवटची सूचना होय. ती मिळाल्यावर गाडी पुढे चालवू नये. पेटीत अर्ध्या लिटरहून कमी तेल असते व जखडण्यास फार वेळ लागत नाही. गोलक धारव्याच्या जागी रुळांचा धारवा बसविणे हा रूढ उपाय आहे, परंतु तो दंडाला आडव्या दिशेने तितका आवरत नसल्याने पातळ चकत्या घालून दंडाची सरक नेमकी करावी लागते.

आवाजाची जोड दिल्यास निदान पक्के होते. चौथ्या गतीत मुख्य दंडाची शक्ती थेट साखळीच्या चाकाकडे जाते व लेशाफ्ट भाराविना फिरतो. पहिल्या तीन गतींत येणारी घरघर चौथ्या गतीत विरत असेल, तर दोष लेशाफ्टच्या बाजूस शोधावा.

भारतात हीच पद्धत थोड्या फरकाने लागू पडते. १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागलेल्या एन्फील्ड बुलेटच्या चार गतींच्या अल्बियन धर्तीच्या पेटीसाठी जुन्या माहितीपुस्तकांत मऊ ग्रीज किंवा ग्रीज व तेल यांचे मिश्रण सुचविलेले आढळते. ग्रीजमध्ये कण तरंगतच राहतात, तळाशी बसत नाहीत. म्हणून सर्व ग्रीज काढून रॉकेलने धुतल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. म्हैसूरच्या जावा व येझ्दी गाड्यांत क्लच, प्राथमिक साखळी व दंतचक्रे एकाच तेलात चालतात. तेथील पोलादी कण साखळीचेही असू शकतात आणि काळपट, हलका चुरा बहुधा क्लचच्या तबकड्यांच्या अस्तराचा असतो.

नुकत्याच दुरुस्त केलेल्या पेटीचा पहिला नमुना पुराव्यास निरुपयोगी समजावा. त्यात कातकामाचा चुरा, सांधे बंद करणाऱ्या लेपाचे तुकडे आणि कवच साफ करताना मारलेले काचेचे मणीही निघतात. हे मणी न धुता राहिले, तर तेच नव्या बुशांची झीज घडवितात. असे तेल २०० ते ३०० किमी. नंतर बदलावे व दुसऱ्या नमुन्यापासून नोंद ठेवावी. नोंदीत तारखेपेक्षा दोन तेलबदलांमधील अंतर महत्त्वाचे आहे. तेलाची निवडही झिजेत भर घालू शकते. अतिदाबासाठी गंधकयुक्त पदार्थ मिसळलेली काही तेले तापली असता काशाला काळे पाडून कोरतात, म्हणून बुशयुक्त जुन्या पेटीसाठी सौम्य प्रकारचे, जीएल-४ प्रतीचे तेल पसंत करतात.

प्रयोगशाळेत हेच काम वर्णपटीय विश्लेषणाने होते. अमेरिकेतील रेल्वे एंजिनांसाठी ते १९४० नंतरच्या दशकात रूढ झाले. त्यात तेलातील लोह, तांबे, कथिल, ॲल्युमिनियम इत्यादींचे दशलक्षांश प्रमाण मिळते. मात्र नेहमीच्या उपकरणांना सु. ५ ते १० मायक्रोमीटरहून मोठे कण नीट मोजता येत नाहीत. धारव्याची धोकादायक खपली नेमकी त्यांच्या नजरेतून सुटते. ही उणीव १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी पुढे आलेल्या फेरोग्राफी पद्धतीने भरून निघाली. तीत तीव्र चुंबकीय क्षेत्रातील तिरप्या काचपट्टीवरून तेल वाहू देतात; मोठे कण आधी व लहान नंतर अशा क्रमाने ते पट्टीवर चिकटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचा आकार पाहता येतो. विमानांच्या एंजिनांसाठी हा खर्च सार्थ ठरतो. मोटारसायकलीच्या बाबतीत मोठ्या कणांचे काम कापड, चुंबक व भिंग यांनी भागते, आणि सूक्ष्म काशाची भुकटी हळूहळू वाढत असल्याचा संशय असेल तेव्हाच तेल प्रयोगशाळेत पाठविणे उपयुक्त ठरते.