चढउतारावरील नेमबाजी

चढउतारावरील नेमबाजी : नेमबाजापेक्षा बऱ्याच उंच किंवा सखल जागी असलेल्या दूरच्या लक्ष्यावर रायफल झाडताना नेमात करावी लागणारी दुरुस्ती. सपाट मैदानावर जुळविलेल्या रायफलीने डोंगराच्या चढावर अथवा उतारावर नेम धरल्यास गोळी दोन्ही वेळा लक्ष्याच्या वरून जाते. म्हणून नेम दोन्ही वेळा खालीच धरावा लागतो. चढावर नेम वर व उतारावर खाली धरावा, ही समजूत सर्वत्र आढळते. ती अर्धीच खरी आहे व तिचा चुकीचा अर्धा भाग चढावर मारा करणाऱ्याला महाग पडतो.

कारणमीमांसा : नळीतून सुटलेली गोळी पहिल्या क्षणापासून नळीच्या अक्षाखाली पडू लागते. हे पतन भरून काढण्यासाठी मागील साइट पल्ल्यानुसार उंच करतात; परिणामी नळीचे तोंड दृष्टिरेषेच्या किंचित वर रोखले जाते. मैदानावर दृष्टिरेषा आडवी असते व गुरुत्वाकर्षण तिच्याशी काटकोनात ओढते. दृष्टिरेषा तिरपी झाली की या ओढीचे दोन घटक पडतात. रेषेच्या दिशेतील घटक गोळीचा वेग चढावर घटवितो व उतारावर वाढवितो. परंतु गोळीच्या मूळ वेगापुढे हा फरक नगण्य असतो. रेषेला लंब असलेला घटक मात्र कोनाच्या कोज्येच्या प्रमाणात कमी होतो, आणि कोज्या चढाला व उताराला सारखीच असते. साइट तर पूर्ण पतनासाठी लावलेली असते, म्हणून गोळी वर लागते. लक्ष्य किती उंच आहे याचा हिशेब दृष्टिरेषा त्याच्याकडे वळविताच पुरा झालेला असतो. तो पुन्हा करावयाचा नसतो. वरील समजुतीचे मूळ बहुधा या दुहेरी हिशेबातच आहे.

हवेचा रोध सोडून दिल्यास, सेकंदाला ८०० मी. वेगाने सुटलेली गोळी ४०० मी. अंतर अर्ध्या सेकंदात कापते व तेवढ्यात सु. १·२३ मी. पडते. ३०° कोनात दृष्टिरेषेला लंब असे पतन १·०६ मी. भरते, म्हणजे गोळी सु. १६ सेंमी. वर लागते. १५° ला ही चूक अवघी ४ सेंमी. असते, पण ४५° ला ती ३६ सेंमी. होते. १०० मी. अंतरावर व ३०° कोनात ती सु. १ सेंमी. असल्याने तिचा विचार करण्याचे कारण नाही. हवेच्या रोधाने गोळी मंदावत असल्यामुळे दूरच्या पल्ल्यावरील प्रत्यक्ष आकडे याहून मोठे येतात.

व्यवहारातील नियम : साइट तिरप्या अंतराला न लावता आडव्या अंतराला लावावी. ४०० मी. तिरपे अंतर व ३०° कोन असल्यास ती सु. ३४६ मी. ला लागते. हवेच्या रोधामुळे हा नियम दूरच्या पल्ल्यावर थोडी जास्तच दुरुस्ती करतो व गोळी किंचित खाली लागते. मोठ्या कोनांत साइट तिरप्या अंतरालाच ठेवून पतनाला कोज्येने गुणणे अधिक बिनचूक ठरते. कोन नतिमापकाने मोजावा, कारण डोळा चढ नेहमी वाढवून सांगतो. मावळात इंद्रायणीकाठच्या आंबीसारख्या गावातून दूरचे डोंगर उभे भासतात. पण ६ किमी. दूर व ४५० मी. उंच असलेला माथा केवळ ४° कोनात दिसतो. त्या कोनाला दुरुस्तीची गरज नाही. तीच व्यक्ती डोंगराच्या पायथ्याला, कड्याखाली जाऊन उभी राहिली की कोन सहज ३०° ओलांडतो. तेव्हा दुरुस्तीची गरज कोनाच्या मापाने ठरते, माथ्याच्या नुसत्या उंचीने नव्हे. याच मुलखातील विसापूर हा किल्ला शेजारच्या लोहगडाहून उंच आहे. मार्च १८१८ मध्ये विसापूर इंग्रजांच्या हाती पडला व लागोपाठ लोहगडही पडला. उंच जागेचा लाभ टेहळणीत व पल्ल्यात असतो. नेमाच्या गणितात वरच्याला कोणतीही सवलत मिळत नाही.

उंच पर्वतावरील मारा : कारगिलच्या युद्धात जून-जुलै १९९९ मध्ये भारतीय पायदळाला तोलोलिंग, टायगर हिल यांसारख्या शिखरांवर खालून वर चढत लढावे लागले. सु. ५,००० मी. उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीवरील घनतेच्या सु. ६० टक्के असते. रोध कमी झाल्याने गोळीचा वेग टिकतो, पतन घटते व मैदानावर जुळविलेली रायफल वर मारते. कोनामुळे होणारी चूकही वरच्याच दिशेची आहे. दोन्ही चुका एकमेकींत मिळतात, आणि खडकाआडून जेमतेम डोके दिसणाऱ्या लक्ष्यावरून गोळी निघून जाते. थंडीमुळे हवेची घनता थोडी वाढते व दारूचा जोर कमी होतो. त्यामुळे चुकीचा काही भाग भरून निघतो, सर्व नाही. अशा प्रदेशात पोहोचल्यावर रायफल तेथेच पुन्हा जुळवून घेणे म्हणूनच अत्यावश्यक असते. दरीतून वर चढणाऱ्या वाऱ्याचा परिणाम मात्र कोष्टकांत बसत नाही. तो गवत, धूळ व धूर पाहूनच अजमावावा लागतो.

तोफांचा भेद : वरील विवेचन रायफलीच्या जवळजवळ सरळ मार्गापुरतेच खरे आहे. तोफगोळा दूरच्या पल्ल्यावर कमानीसारख्या वक्र मार्गाने जातो व तेथे हिशेब बदलतो. नळी ४५° हून कमी उंचावून केलेल्या माऱ्यात लक्ष्य उंचावर असल्यास त्याच्या उंचीचा कोन मिळवूनही गोळा अपुरा पडतो, म्हणून नळीला आणखी थोडी उंची द्यावी लागते. लक्ष्य सखल असल्यास ती कमी करावी लागते. या पूरक कोनाची कोष्टके प्रत्येक तोफेसाठी व दारूच्या प्रत्येक भारासाठी स्वतंत्र असतात. कारगिलमध्ये वापरलेल्या १५५ मिमी. बोफोर्स तोफांच्या बाबतीत विरळ हवेमुळे वाढलेला पल्लाही जमेस धरावा लागला. काही ठिकाणी याच तोफांनी समोर दिसणाऱ्या शिखरांवर थेट नेम धरून मारा केला. तेव्हा गोळ्याचा मार्ग बराच सरळ असल्याने त्यांचे गणित रायफलीच्या गणिताजवळ येते.