सन्मुख प्रकाश आणि छायाचित्रातील फ्लेअर : नातेपुते येथील पालखीमार्गाच्या निमित्ताने

आळंदीहून पंढरपुरास जाणारी श्रीज्ञानेश्वरमहाराजांची पालखी बरडचा मुक्काम आटोपून धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते व नातेपुते येथे मुक्कामास येते. हा मार्ग स्थूलमानाने पश्चिमेकडून पूर्वेकडे जातो. त्यामुळे सायंकाळी गावात शिरणाऱ्या दिंड्यांचे चित्र समोरून घ्यावयाचे तर भिंगाचे तोंड मावळतीकडे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी माळशिरसकडे निघालेल्या वारकऱ्यांचे चित्र पाठीमागून घेतल्यास ते उगवतीकडे होते. दोन्ही प्रसंगी सूर्य चौकटीत वा तिच्या काठाशी येतो आणि चित्रात कधी तेजस्वी ठिपक्यांची माळ, तर कधी सर्वत्र दुधी पडदा उमटतो. यासच फ्लेअर म्हणतात. लोकजीवनाच्या अभ्यासात छायाचित्र पुरावा म्हणून वापरले जाते. तेव्हा त्यातील दृश्य कोणते आणि भिंगाची करणी कोणती, हे ओळखता येणे अगत्याचे आहे.

या दोषाचे मूळ परावर्तनात आहे. १.५ वक्रीभवनांकाच्या काचेवर प्रकाश लंबरूपाने पडला असता हवा व काच यांच्या सीमेवर सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. परत फिरलेला किरण दुसऱ्या एखाद्या पृष्ठावरून पुन्हा परावर्तित झाला, की तो फिल्मकडे वा संवेदकाकडे वळतो. अशा द्विवार परावर्तित प्रकाशाचा अंश मूळच्या ६२५ व्या भागाइतकाच असतो. परंतु सूर्याच्या प्रखरतेपुढे तोही उपेक्षणीय ठरत नाही. शिवाय पृष्ठांची संख्या वाढली, की त्यांच्या जोड्या फार वेगाने वाढतात : ६ पृष्ठांच्या १५, ८ पृष्ठांच्या २८, तर ३० पृष्ठांच्या ४३५.

भिंगरचनेच्या इतिहासावर या गणिताचा ठसा स्पष्ट दिसतो. डेनिस टेलर यांच्या १८९३ च्या कुक ट्रिप्लेटमध्ये हवेस लागून असणारी पृष्ठे ६ होती. १९०२ च्या टेसारमध्येही तितकीच. पाउल रुडोल्फ यांचे १८९६ चे प्लानार गुणांनी श्रेष्ठ असूनही त्याची ८ पृष्ठे त्यास बाधक ठरली. लुडविग बेर्टेले यांनी सोनारमध्ये अनेक काचा एकमेकींस चिकटवून पृष्ठे ६ वरच रोखली. म्हणजे लेपाच्या अभावी रचनाकारास पृष्ठांची काटकसर करावी लागे.

ही अडचण पातळ लेपाने दूर केली. जुन्या, डागाळलेल्या भिंगांतून नव्यांपेक्षा अधिक प्रकाश जातो, हे टेलर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेरले होते. १९३५ मध्ये त्साइस कारखान्यातील अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वातात लेप चढविण्याची रीत सिद्ध केली. मॅग्नेशियम फ्लोराइडचा (वक्रीभवनांक १.३८) सुमारे १०० नॅनोमीटर जाडीचा थर दिला असता त्याच्या दोन्ही बाजूंनी परतणाऱ्या लहरी परस्परांस बऱ्याच अंशी मारक ठरतात आणि परावर्तन ४ वरून सुमारे १.४ टक्क्यांवर येते. हा परिणाम हिरव्या प्रकाशात सर्वाधिक असल्याने असे भिंग जांभळट दिसते. १९७१ पासून पेंटॅक्सने बहुस्तरी लेपाची छायाचित्रण-भिंगे विक्रीस आणली. ३० पृष्ठांच्या लेपविरहित झूम भिंगातून केवळ २९ टक्के प्रकाश पार जाईल. एकेरी लेपाने ६५ टक्के, आणि परावर्तन ०.२ टक्क्यांवर आणल्यास ९४ टक्के. आजची झूम भिंगे शक्य झाली ती यामुळेच.

तथापि लेप सर्वसमर्थ नव्हे. धूळ, बोटांचे ठसे, पावसाळ्यात काचेवर वाढणारी बुरशी आणि नळीच्या आतील चकाकी यांमुळे विखुरणारा प्रकाश त्याने थांबत नाही. सूर्य चौकटीबाहेर असेल तरच हूड उपयोगी पडते. तो चौकटीत असल्यास निरुपाय.

पालखीवर तेजोवलय दिसणारे छायाचित्र हाती आल्यास अभ्यासकाने तीन गोष्टी तपासाव्यात. ठिपके सूर्य व चित्राचा मध्य यांना जोडणाऱ्या रेषेवर आहेत काय? त्यांचा आकार भिंगातील पाकळ्यांच्या छिद्राप्रमाणे बहुकोनी आहे काय? कॅमेरा किंचित हलवून घेतलेल्या पुढील चित्रात ते जागा बदलतात काय? यांची उत्तरे होकारार्थी आल्यास ते तेज भिंगातील होय. मात्र ही कसोटी मूळ, न कापलेल्या चित्रावरच लावावी. कडा छाटल्या की मध्य सरकतो. म्हणूनच संग्रहात मूळ प्रत, भिंगाचे नाव, वेळ व दिशा यांची नोंद जतन करणे, हा या विवेचनाचा व्यावहारिक निष्कर्ष होय.